कान्याची वेलांटी

आमच्या घरात नवं पुस्तक ताईच्या नशिबी आणि जुनं माझ्या. ताई माझ्याहून सव्वा वर्षाने मोठी, शाळेत एक इयत्ता पुढे. वार्षिक परीक्षा आटोपली की तिची पुस्तकं माझी व्हायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण आमच्याकडे जुनं पुस्तक जुनं राहायचंच नाही. बाबा बाइंडर होते. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सुट्टी लागली की एखाद्या दुपारी ते ताईची पुस्तकं उसवायला घ्यायचे. दुमडलेले कोपरे ओलसर बोटांनी सरळ करायचे, फाटक्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावायचे, मग नव्या दोऱ्याने शिवून, पुठ्ठा चढवून दाबयंत्रात घालायचे. दोन दिवसांनी पुस्तक बाहेर यायचं ते कोऱ्या पुस्तकाने लाजावं असं. वर्गातल्या मुलींची पुस्तकं सहामाहीच्या आतच पानं गाळायला लागायची. माझं एकही पान कधी सुटलं नाही.

आई दवाखान्यात नर्स होती. तिच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, म्हणून स्वयंपाक बाबांकडे. मागच्या खोलीत एका शेगडीवर भाजी आणि दुसरीवर चिकटवायची खळ शिजत असायची. आई कामावर निघताना डब्याचं झाकण उघडून विचारायची, "आज नक्की कुठलं पातेलं भरलंय?"

"खाऊन बघ," बाबा म्हणायचे, "तोंड चिकटलं तर समज."

मी तिसरीत जाणार होते त्या सुट्टीत भाषेचं पुस्तक दाबयंत्रातून निघालं आणि मी ते घेऊन कापणीच्या टेबलाखाली शिरले. तिथे कागदाच्या कातरणांचा ढीग असायचा, गादीसारखा मऊ. दोन दुपारींत मी पुस्तक संपवलं. त्यातला अकरावा धडा मला इतका आवडला की मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

धडा एका गावाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा. घड्याळाला किल्ली देणारा माणूस तापाने फणफणतो आणि घड्याळ बंद पडतं. मग त्याची मुलगी एकटीच मनोरा चढते. एकशे चाळीस पायऱ्या. वर सुसाट वारा, कबुतरांची फडफड, हाताला न पेलणारी लोखंडी किल्ली. 'तिचे पाय थरथरत होते. पण ती थांबली नाही.' खाली तिचा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. शेवटी टोले पडतात आणि सगळा गाव वर बघतो.

त्या सुट्टीत मी किती वेळा तो मनोरा चढले याची मोजदाद नाही. दाबयंत्राचा दांडा ही माझी किल्ली. दोन्ही हातांनी लोंबकळून मी तो फिरवायची आणि बाबा ओरडायचे, "अगं, आतल्या वहीचा पापड होईल!"

त्या पुस्तकात सगळ्याच पराक्रमी मुली होत्या. होडी दुरुस्त करणारी मुलगी, राजाला उलट प्रश्न विचारणारी मुलगी, विहिरीत उतरून वासरू काढणारी मुलगी. 'आमचे घर' नावाच्या धड्यात ताट वाढणाऱ्या बाबांना चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. अंबाडाही होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जुन्या काळी पुरुष केस वाढवत असतील. आमच्याकडेही वाढायला बाबाच, मग अडचण कुठे होती?

एकच गोष्ट मला खटकली. घड्याळाच्या धड्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'मुलगी जिनी चढू लागली.' मी बाबांना विचारलं, "जिन्याला पुस्तकात जिनी का म्हणतात?"

बाबा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी बराच वेळ दोरा ओवला. मग म्हणाले, "पुस्तकातली भाषा जरा वेगळी असते, टिंगू."

मला ते पटलं. टिंगू मीच.

शाळा सुरू झाली. आम्हाला नव्या बाई आल्या होत्या. उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. तिसरीचे आधीचे सर सगळ्यांना एकदम वाचायला लावायचे. त्या कालव्यात कोण काय म्हणतंय ते देवाला ठाऊक. बाईंची पद्धत निराळी होती. एकेकाने उभं राहायचं, एकेक परिच्छेद वाचायचा. अकरावा धडा यायला सहा महिने लागले. माझी पाळी नेमकी मनोऱ्याच्या परिच्छेदावर आली. मी तर तो पाठच केला होता. मान वर करून, घसा साफ करून मी सुरुवात केली.

"घड्याळवाल्याची मुलगी जिनी चढू लागली. ती एकटी होती."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "नीट बघून वाच."

मी नीट बघितलं आणि तेच वाचलं, जरा मोठ्याने. आता सगळा वर्ग हसायला लागला. माझ्या शेजारणीने आपलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. 'घड्याळवाल्याचा मुलगा जिना चढू लागला. तो एकटा होता.' वरच्या चित्रात अर्ध्या चड्डीतला एक मुलगा किल्ली फिरवत होता. खाली तांब्या घेऊन उभी होती ती दोन वेण्यांची बहीण.

बाई माझ्या बाकापाशी आल्या. माझं पुस्तक उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, चष्मा कपाळावर सरकवला, पान उजेडाकडे धरलं. मला वाटलं आता छडी. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या वडलांना घेऊन ये." आणि पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं.

घरी जाताना माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. ताई शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. माझा चेहरा पाहून तिला कळलंच असावं, कारण काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "वाचलंस?"

मग तिने सगळं सांगितलं. ती तिसरीत असताना आधीच्या सरांनी स्नेहसंमेलनात हाच धडा नाटक म्हणून बसवला होता. ताईचा आवाज सगळ्या शाळेत खणखणीत, पाठांतर पक्कं. तिने मनोरा चढायचं काम मागितलं. सर म्हणाले, "अगं, धड्यात मुलगा आहे. तू बहीण हो." काम मिळालं ते एका मुलाला. त्याला र म्हणता येत नसे. तो 'मी घाबलणाल नाही' म्हणत बाकांच्या मनोऱ्यावर चढला, आणि ताई पूर्ण वेळ तांब्या घेऊन खाली उभी राहिली. तिला एकही वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांचा टाक घेतला. पुस्तकाच्या पाठीवर नावं घालायचा तो टाक, केसासारख्या बारीक निबाचा. बाइंडरच्या घरातली पोर, हात आधीच वळणदार. ती सांगत होती तसं ते फार सोपं होतं. 'मुलगा'च्या शेवटच्या कान्यावर नुसती एक वेलांटी चढवायची, झाली मुलगी. 'चढला', 'धावला', 'एकटा', सगळ्यांचं तेच. शिरोरेघेला टेकून एक कमान काढली की काम फत्ते. मात्रा किंवा वेलांटी काढून टाकायची असेल तर ब्लेडने अलगद खरवडायची. एक वेलांटी चढवली, मग दुसरी, मग तिला थांबवेनाच. त्या झपाट्यात जिन्याचीही जिनी झाली. चित्रातल्या मुलाला तिने वेणी काढली, बहिणीच्या वेण्या खरवडल्या. म्हणूनच माझ्या पुस्तकातल्या त्या भावाचं डोकं कसर लागल्यासारखं दिसायचं.

खरं म्हणजे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी रस्त्यातच बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

"तू खोटं लिहिलंस! ती मुलगी नव्हतीच!"

"मग काय झालं?" ताई गोंधळली. "तुला आवडलं होतं ना?"

"म्हणूनच!" मी ओरडले.

मला जे वाटत होतं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. अजूनही नीट सांगता येईल असं नाही. सहा महिने मी त्या मनोऱ्यावर राहिले होते, आणि आता कुणीतरी येऊन म्हणत होतं, चल उतर, ही जागा तुझी नाही. ते म्हणणाऱ्यांवर मला राग आला नाही. राग आला तो मला वर चढवणारीवर. मी ताईशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानाला कुलूप घालून शाळेत आले. बोटांच्या पेरांना वाळलेली खळ तशीच. शिक्षकांच्या खोलीत बाई टेबलामागे बसल्या होत्या, आम्ही दोघं समोर उभे. बाईंनी बाबांना खुर्ची दिली आणि पुस्तक पुढे ठेवलं.

"हे पाठ्यपुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "त्याची काय दशा केलीये बघा."

बाबांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ दाबून बघितली, शिवण बघितली. "दशा कुठली, बाई? एक डागसुद्धा नाही."

"मी अक्षरांबद्दल बोलतेय."

"मोठीने केलंय ते," बाबा म्हणाले. "हात चांगला आहे तिचा."

"वेलांट्यांचं समजलं. पोरीने केल्या असतील." बाईंनी पान उलटलं आणि एका ओळीवर नख टेकवलं. "पण हे? इथे 'त्याने' होतं, नाही का? त्यावर 'तिने' चिकटवलंय. छापील अक्षरं दुसऱ्या कागदातून कापून, कडा तासून. मला भिंगातून बघावं लागलं. पुढच्या दोन पानांत अशा अकरा जागा आहेत. हे नऊ वर्षांच्या मुलीचं काम नाही."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मानेमागे हात नेला आणि खाजवत राहिले. चोरून गूळ खाताना सापडलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"त्याचं असं आहे, बाई," ते शेवटी म्हणाले, "पुस्तक उसवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. एका ओळीत 'ती' आणि पुढच्या ओळीत 'त्याने'. वाचताना ठेच लागते. धाकटीच्या हातात अर्धवट काम द्यायचं म्हणजे... बरं दिसत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या हसल्या असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा आवाज खाली आला.

"आणि परीक्षेत ही काय लिहील? पेपर मी एकटी तपासत नाही. 'घड्याळवाल्याच्या मुलाने काय केले' असा प्रश्न आला आणि हिने मुलगी लिहिली तर मार्क जातील. मग हिला कोण समजावणार?"

हे मात्र बाबांना पटलं. पुढे असं ठरलं की वर्गात मी शाळेच्या कपाटातलं पुस्तक वापरायचं, माझं घरी ठेवायचं. बाईंनी ते आठवडाभर स्वतःकडे ठेवून घेतलं आणि मग कागदात गुंडाळून परत दिलं. मी उघडून बघितलं. राजाला खडे बोल सुनावणाऱ्या मुलीच्या धड्यात एक 'तो' ताईच्या आणि बाबांच्या, दोघांच्याही नजरेतून निसटला होता. त्याभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल काढलेला होता, शुद्धलेखनाच्या वहीत काढतात तसा. एवढंच. बाईंना काय म्हणायचं होतं? इथे दुरुस्ती राहिली, की इथे एवढंच बरोबर आहे? आम्ही बहिणी यावर अजून भांडतो.

आईला हे सगळं पुस्तक परत आल्यावर कळलं. सलग पाळ्या करून ती आली होती. कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून तिने दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली, शाळेचं आणि माझं. शाळेच्या पुस्तकातलं 'आमचे घर' बघून तिने भुवई उंचावली. त्यातली आई पहिल्या चित्रात ताट वाढत होती, दुसऱ्यात दारात उभी राहून हात हलवत होती, तिसऱ्यात तान्ह्या बाळाला जोजवत होती.

"बया बया," आई म्हणाली, "हिला ड्यूटीच लागत नाही वाटतं. बघ ना, तीन चित्रांत एकदासुद्धा बसलेली नाही."

मग माझ्या पुस्तकातल्या अंबाड्यावाल्या मिशाळ बाबांकडे बघून ती जी हसायला लागली ती टबातलं पाणी जमिनीवर सांडेपर्यंत. ताईसुद्धा हसली. मीच हसले नाही. मी अजून रुसलेली होते, आणि रुसवा अर्ध्यावर सोडायला मला लाज वाटत होती.

वार्षिक परीक्षेत तो प्रश्न आलाच. 'घड्याळवाल्याच्या मुलाने काय केले? पाच-सहा वाक्यांत लिहा.' मी पेन उचललं. बाई वर्गात फेऱ्या मारत होत्या. माझ्या बाकापाशी आल्यावर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या आणि तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी लिहिलं, 'तो एकटा मनोऱ्यावर चढला. त्याने किल्ली फिरवली.' पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

घरी मी पेपर ताईला दाखवला. खरं सांगायचं तर मुद्दाम दाखवला. तिने वाचला, घडी घातली, "छान," म्हणाली आणि बाबांना हात द्यायला दुकानात गेली.

त्या सुट्टीत चौथीचं पुस्तक दाबयंत्रातून निघालं. मी ते घेऊन टेबलाखाली गेले. पहिल्याच धड्यात एक मुलगी जंगलात वाट शोधत होती. दुसऱ्यात जहाजावरची मुलगी डोलकाठीवर चढत होती. आठव्यापर्यंत वेलांट्या होत्या, झोकदार, तिसरीपेक्षाही सुबक. बाबांच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्याही आता मला ओळखता यायला लागल्या होत्या, बोट फिरवलं की किंचित उंचवटा लागायचा. नवव्या धड्यात एक मुलगा होता. दहाव्यातही मुलगाच. मी भराभर पानं उलटली. पुढे शेवटपर्यंत सगळं छापलं होतं तसंच. एकही कमान नव्हती.

मी हिशेब केला. नववा धडा म्हणजे सहामाहीनंतरचा. म्हणजे माझ्या भोकाडानंतरचा.

ते पुस्तक मी वर्षभर वापरलं आणि ताईला एका शब्दाने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पुढे ती हायस्कूलला गेली, मी गेले. मी एक्स-रेचं शिक्षण घेतलं आणि आईच्याच दवाखान्यात लागले. लोकांना 'श्वास रोखा' आणि 'सोडा' सांगण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. ताईने बाबांचं दुकान चालवायला घेतलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून आत डोकावून विचारायचं, "बाइंडर आहेत का?" ताई म्हणायची, "आहेत." गिऱ्हाईक वाट बघत उभं राहायचं. ताई शिवत राहायची. शेवटी गिऱ्हाइकालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली, आई त्यांच्या आधीच गेली. निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातले तीन दिवस ताईकडे जाते. फॉर्म म्हणजे छापील पानांचे जुडगे जुळवून देते, खळ ढवळते, गप्पा मारते. गेल्या महिन्यात एका शाळेने वाचनालयासाठी नवी पाठ्यपुस्तकं पक्क्या बांधणीला पाठवली. तिसरीचं भाषेचं पुस्तक मी अधाशासारखं उघडलं. घड्याळाचा धडा नव्हता. 'आपले घर' होतं. त्यात आई शिडीवर चढून बल्ब बदलत होती आणि बाबा एप्रन घालून कणीक मळत होते.

"ताई, बघ गं," मी म्हटलं, "सगळं बदललं."

ताईने चष्मा नाकावर खाली ओढून चित्र न्याहाळलं. "हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आलाय. एप्रन बघ, पिठाचा कण नाही. आपल्या बाबांचा सदरा आठवतो?"

मला आठवला. बाह्यांवर खळीचे पापुद्रे, पोटावर हळदीचे डाग. मग कशाने कोण जाणे, इतकी वर्षं गिळून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"चौथीच्या पुस्तकात नवव्या धड्यापासून पुढे मी खूप शोधलं होतं. रोज शोधायचे. वाटायचं, एखादी तरी राहिली असेल. माझ्यामुळे तू थांबलीस ना?"

ताईने सुई खाली ठेवली. "तुझ्यामुळे? छे गं!"

"मग?"

"मला चष्मा लागला नव्हता का त्या सहामाहीत? बारीक कामाने डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरांनी सक्त बजावलं होतं. बाबांनी टाक वरच्या फळीवर ठेवून दिला." तिने मेणाची वडी हातात घेतली. "तू शोधत होतीस होय? मला वाटलं, तुला ते आवडेनासं झालं."

"तू विचारलं का नाहीस?"

"तू का नाही सांगितलंस?"

ताईला चष्मा लागला होता हे खरं. सहामाहीत की त्यानंतर, ते मला आठवत नाही, आणि सांगायला आता तिसरं कुणी उरलं नाही. मी तिच्याकडे निरखून बघितलं. ती दोऱ्याला मेण लावत होती. चेहऱ्यावरून काही कळायला वाव नव्हता.

"इतकी वर्षं मी ते मनात घेऊन फिरले," मी म्हटलं.

"वेडी आहेस," ताई म्हणाली. तिने हात लांब करून माझ्या डोक्यावर हलकी टपली मारली. हात तिथेच थोडा वेळ ठेवला, मग काढून घेतला.

बाहेर शाळेचा शिपाई टेम्पो घेऊन उभा होता. तयार झालेले गठ्ठे त्याला आजच हवे होते. ताईने गठ्ठ्याचं एक टोक धरलं, दुसरं मी धरलं. "सांभाळून," ती म्हणाली, "कंबर तुझी आहे, पण पुस्तकं शाळेची आहेत." आम्ही हसतच गठ्ठा उचलला आणि दाराकडे निघालो.